पगाराचं भांडण कोणत्या दारात न्यायचं?

(सहकारी संस्थांमध्ये नोकरी करणाऱ्या स्त्रिया आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्या यांच्या एकदिवसीय शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



फळ्यावर विषय लिहिलाय, 'सहकारी संस्था आणि तिचे कर्मचारी यांच्यातले पगाराचे वाद कोणत्या कोर्टात चालतात?' वाचून काहीजणींना वाटलं असेल, हा तर वकिलांचा विषय, आपल्या शिबिरात कशाला? मीही वकील नाही. एम.एस.डब्ल्यू. केलं आणि गेली दहा-बारा वर्षं एका तालुक्याच्या गावी बायकांच्या सल्ला केंद्रात बसते. मारहाण, पोटगी, घराबाहेर काढणं अशा तक्रारी घेऊन बायका येतात, तशा पगाराच्या तक्रारी घेऊनही येतात. त्या ऐकता ऐकता एक गोष्ट ध्यानात आली. पगार बुडाला म्हणून बाई खचतेच, पण त्याहून जास्त खचते ती चुकीच्या कचेरीत तीन-तीन वर्षं खेटे घातल्यावर, 'हे आमच्याकडे चालत नाही, दुसरीकडे जा' असं ऐकून. म्हणून आज दारांबद्दल बोलायचं. आपलं दार कोणतं आणि आपलं नसलेलं कोणतं.

आधी आपण कोण ते पाहू. इथे पतपेढीत कारकून असलेल्या तिघीजणी आहेत. दारोदार फिरून पिग्मी गोळा करणाऱ्या आहेत. दूध संकलन केंद्रावर फॅट काढणारी एक आहे. सहकारी दवाखान्यात आया म्हणून काम करणाऱ्या आहेत, ग्राहक भांडारात पुड्या बांधणारी आहे, शहरातून आलेल्या दोघी हाउसिंग सोसायटीचे जिने झाडतात. कामं वेगवेगळी, पण पगार देणारा मालक एकाच जातकुळीचा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली संस्था.

आता या मालकाचं वैशिष्ट्य बघा. कारखान्याचा मालक मालक म्हणून समोर येतो. सहकारी संस्थेचा चेअरमन म्हणतो, "बाई, संस्था आपली आहे. घरातलं भांडण चव्हाट्यावर कशाला नेता?" हे वाक्य आपण कुठे ऐकलंय? नवरा मारतो म्हणून बाई पोलिसांत निघाली की सासू हेच म्हणते. घर आपलं, संस्था आपली. आपली म्हणायची, पण तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. 'घरातली बाब' या शब्दांआड काय काय झाकलं जातं ते स्त्री चळवळीने इतक्या वर्षांत उघड्यावर आणलं. 'सहकारातली बाब' या शब्दांआड जे झाकलं जातं तेही उघड्यावर आणायला हवं. सहकाराला माझा विरोध नाही. सावकाराच्या तावडीतून सुटण्यासाठी गरिबांनी पै पै जमवून उभी केलेली ही चळवळ आहे. पण गरिबांच्या संस्थेनेच गरीब बाईची मजुरी बुडवली, तर ती मजुरी बुडवणंच असतं. त्याला दुसरं नाव नाही.

एका पतपेढीतल्या कारकून बाईचं उदाहरण सांगते. गावाचं, संस्थेचं नाव घेत नाही. अकरा महिने पगार नव्हता. चेअरमन म्हणाले, "आमचं सगळं सहकार खात्याकडे असतं, तिकडे जा." तिने उपनिबंधकांकडे अर्ज केला. तिथून संस्थेला पत्र गेलं, 'खुलासा करावा'. संस्थेने खुलासा केला, वसुली नाही म्हणून पगार नाही. फाईल बंद. मग कोणीतरी सांगितलं, सहकार न्यायालयात दावा लाव. तिने दागिना मोडून वकील दिला. तारखा पडत राहिल्या. तिसऱ्या वर्षी संस्थेच्याच वकिलाने उभं राहून सांगितलं, 'या न्यायालयाला हा वाद ऐकण्याचा अधिकारच नाही.' आधी त्या दारात पाठवणारेही तेच आणि आत शिरल्यावर 'हे दार तुझं नव्हे' म्हणणारेही तेच. यात कायद्याचं अज्ञान किती आणि डावपेच किती, ते तुम्हीच ठरवा. संस्थेला निकाल आपल्या बाजूने लागायची गरजच नसते. वेळ गेला तरी तिचं काम भागतं. पगारावर चूल पेटणाऱ्या बाईला तो वेळ परवडत नाही.

तर त्या वकिलाचं म्हणणं कायद्यात बरोबर होतं का? होतं. का होतं, ते नीट समजून घेऊ.

सहकार न्यायालयाचा अधिकार १९६० च्या कायद्याच्या कलम ९१ मधून येतो. संस्थेची घटना, समितीच्या निवडणुका, सभांचं कामकाज, संस्थेचं व्यवस्थापन किंवा तिचा धंदा यांना स्पर्श करणारा वाद सहकार न्यायालयात न्यावा, असं ते कलम सांगतं. वाद कोणाकोणात असावा याची यादीही त्यात आहे. तिच्यात संस्था आहे, समिती आहे, सभासद आहेत, आणि संस्थेचे आजी-माजी नोकरही आहेत. हा 'नोकर' शब्द वाचून पुष्कळांची समजूत होते की नोकराचा पगारही इथेच. पण नोकर असणं पुरेसं नाही. वादाचा विषयही त्या पाचांपैकी एक असला पाहिजे. नोकराने संस्थेच्या रोकडीत घोटाळा केला असं संस्थेचं म्हणणं असेल, तर तो संस्थेच्या धंद्याशी जोडलेला वाद म्हणून तिथे जातो. नोकराचा पगार ही वेगळी गोष्ट.

याच कलमाला एक परंतुक जोडलेलं आहे. ते प्रत्येकीने पाठ करावं. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये ज्याला 'औद्योगिक विवाद' म्हटलंय, तो या कलमाखालचा वाद समजला जाणार नाही, असं ते सांगतं. म्हणजे सहकाराच्या कायद्यानेच आपल्या हाताने लिहून ठेवलंय की कामगार-मालक भांडण माझ्याकडे आणू नका. कामगार कार्यालयातला एखादा कारकून तुम्हाला म्हणाला, 'सहकारी संस्था आमच्याकडे येत नाहीत, निबंधकाकडे जा', तर भांडू नका. हे परंतुक झेरॉक्स करून त्याच्या टेबलावर ठेवा. १९४७ चा कायदा आता रद्द झाला, मग परंतुकाचं काय, असं कोणी विचारलं तर सांगा. एक कायदा रद्द होऊन त्याच्या जागी दुसरा आला, की जुन्याचा उल्लेख नव्यातल्या तशाच तरतुदीला लागू धरायचा, असा कायदे वाचण्याचा सर्वसाधारण नियमच आहे.

सर्वोच्च न्यायालय या प्रश्नावर काय म्हणतं? तीन निकाल सांगते.

पहिला १९६८ चा, डेक्कन मर्चंट्स को-ऑपरेटिव्ह बँकेचा. भांडण पगाराचं नव्हतं, बँकेच्या इमारतीतल्या भाडेकरूचं होतं. पण न्यायालयाने कलम ९१ मधल्या 'धंदा' या शब्दाचा अर्थ तिथे सांगितला. संस्था जे जे करते ते सगळं 'धंदा' नव्हे. संस्थेचा जो प्रत्यक्ष व्यवहार असतो, तो धंदा. अर्थ आखूड केला, तेव्हा सहकारी यंत्रणेची हद्दही आखूड झाली.

दुसरा १९६९ चा, आंध्र प्रदेशातल्या सहकारी मध्यवर्ती बँकांचा. तिथे बँक कर्मचाऱ्यांच्या पगार आणि सेवाशर्तींचा वाद होता. बँकांचं म्हणणं, हे निबंधकाकडे जावं. न्यायालयाने नाही म्हटलं. कारण साधं आहे. निबंधक संस्थेच्या पोटनियमांच्या चौकटीत निवाडा करणार. पगार वाढवून द्यायचा, सेवाशर्ती बदलायच्या, तर ती चौकटच बदलावी लागते. तो अधिकार औद्योगिक न्यायाधिकरणाला असतो, निबंधकाला नाही. जो न्याय देऊच शकत नाही त्याच्याकडे कामगाराला पाठवायचं कशाला?

तिसरा महाराष्ट्राचा, मार्च २०१७ चा. महाराष्ट्र राज्य सहकारी गृहनिर्माण वित्त महामंडळाच्या एका कर्मचाऱ्याला कामावरून काढलं. तो सहकार न्यायालयात गेला. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला, आणि मुद्दा फक्त एवढाच होता की सहकार न्यायालयाला हे ऐकायचा अधिकार आहे की नाही. उत्तर आलं, नाही. संस्था आणि नोकर यांच्यातला नोकरीचा वाद 'व्यवस्थापन' किंवा 'धंदा' यात बसत नाही. बघा, काढलं ते बरोबर की चूक हा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. माणूस दारावरच अडकला.

आता इथे बेळगाव-निपाणीकडच्या दोघी आल्या आहेत, म्हणून एक सावधगिरीचा शब्द. सहकार हा राज्याचा विषय आहे, त्यामुळे दारं राज्यागणिक बदलतात. कर्नाटकाने २००० साली आपल्या सहकार कायद्याचं कलम ७० बदललं आणि कामगार कायद्यांत काहीही असलं तरी नोकरीचे वाद सहकारी यंत्रणेकडेच, असं राष्ट्रपतींच्या संमतीने लिहून घेतलं. २००७ मध्ये विजापूरच्या दूध संघाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती मान्य केली. मध्य प्रदेशच्या कायद्यात नोकरीच्या अटी, कामाची स्थिती, शिस्तभंगाची कारवाई हे शब्द स्पष्ट असल्याने १९९७ मध्ये तिथेही निबंधकाचंच दार धरलं गेलं. केरळात उलट झालं. कोचीनच्या एका सहकारी रुग्णालय संस्थेतल्या कर्मचारी स्त्रीने २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून निकाल आणला. तिथे दोन्ही दारं उघडी आहेत, कोणतं निवडायचं ते कर्मचाऱ्याने ठरवावं. नव्या केंद्रीय संहितांनंतर प्रत्येक राज्यात हे प्रश्न पुन्हा निघणार. म्हणून महाराष्ट्राबाहेरच्या मैत्रिणींनी माझं पुढचं बोलणं जसंच्या तसं उचलू नये, तिथल्या कामगार वकिलाला विचारावं.

महाराष्ट्रात सहकार न्यायालय नाही हे कळलं. मग कुठे? याचं उत्तर तुम्ही काय मागता यावर आहे. बाई येते तेव्हा ती म्हणते, 'संस्थेने अन्याय केला.' आपण कार्यकर्त्यांनी त्या अन्यायाची गाठ सोडवून विचारायचं, 'ताई, नक्की काय हवंय?' त्यावर दार ठरतं.

एक. 'माझा ठरलेला पगार दिला नाही, कमी दिला, किंवा सरकारने ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा कमी देतात.' हा सरळ पैशाचा दावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतली वेतन संहिता, २०१९ इथे लागते. पूर्वीचे वेतन प्रदान अधिनियम १९३६, किमान वेतन अधिनियम १९४८, बोनस अधिनियम १९६५ आणि समान वेतन अधिनियम १९७६ हे चार कायदे तिच्यात विरले. या संहितेच्या कलम ४५ खाली सरकार एक प्राधिकारी नेमतं. तो राजपत्रित अधिकारी असतो. पगाराचा दावा त्याच्यापुढे चालतो. तुमच्या जिल्ह्यात कोणाला नेमलंय, ते सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारायचं, आणि तोंडी उत्तरावर थांबायचं नाही.

नव्या संहितांवर आपल्या संघटनांचे आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. संपाच्या हक्कावर, कामगार कपातीवर काय झालं ते आपण जाणतो. पण पगाराच्या दाव्यापुरतं यात बाईच्या उपयोगाचं काही आहे, ते टाकून देऊ नका. मुदत बघा. किमान वेतनाचा दावा पूर्वी सहा महिन्यांत करावा लागे, वेतन प्रदान कायद्याखालचा बारा महिन्यांत. आता तीन वर्षं आहेत. दावा तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. प्राधिकारी मूळ रकमेशिवाय तिच्या दसपटीपर्यंत भरपाई देऊ शकतो. दसपट मिळतेच असं नाही, ती वरची मर्यादा आहे. संस्थेने पैसे भरले नाहीत तर जिल्हाधिकाऱ्याकडे वसुलीचा दाखला जातो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पगार दिला हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. बाईने 'मिळाला नाही' म्हणायचं, संस्थेने 'दिला' याचा पुरावा आणायचा.

आणखी एक. प्रत्येकीने वेगळा अर्ज करायची गरज नाही. एका आस्थापनेतल्या कितीही जणींसाठी एकच अर्ज चालतो, आणि नोंदणीकृत कामगार संघटनाही तो करू शकते. एकटी बाई अर्ज घेऊन गेली की दुसऱ्या दिवशी चेअरमनचा माणूस तिच्या नवऱ्याला गाठतो. आठजणींचा एक अर्ज गेला की कोणाकोणाच्या नवऱ्याला गाठणार?

दोन. 'पगार मिळतो, पण वाढवून हवा. श्रेणी हवी, महागाई भत्ता हवा.' हा हक्क अजून ठरलेला नाही, तो मिळवायचाय. इथे प्राधिकारी काही करू शकत नाही. आधीपासून देय असलेली रक्कम मोजून देणं वेगळं आणि नवा हक्क निर्माण करणं वेगळं, हा फरक न्यायालयांनी जुन्या कायद्याच्या कलम ३३-क (२) बद्दल पुन्हा पुन्हा सांगितला आहे. नवा हक्क हवा तर संघटना, मागणीपत्र, समेट अधिकारी आणि मग औद्योगिक न्यायाधिकरण. हे काम एकटीचं नाहीच.

तीन. 'पगार मागितला म्हणून कामावरून काढलं.' इथे दोन गाठी आहेत, त्या वेगळ्या करा. थकलेला पगार कलम ४५ च्या प्राधिकाऱ्याकडे. काढल्याबद्दलची दाद औद्योगिक संबंध संहिता, २०२० खाली, आधी समेट अधिकाऱ्याकडे. तिथे पंचेचाळीस दिवसांत सुटलं नाही तर न्यायाधिकरणाकडे स्वतः जाता येतं. काढल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. पूर्वी तीन होती, म्हणून जुन्या माहितीवर विसंबू नका. आपल्या राज्याचा १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदाही आहे. केंद्राने रद्द केलेल्या कायद्यांच्या यादीत तो नाही. पण त्याच्याखाली तक्रार नव्वद दिवसांत करायची असते, आणि त्याचा नव्या संहितांशी मेळ कसा घालायचा हे वकिलाशी बोलूनच ठरवावं.

चार. 'मी कारकून नाही, व्यवस्थापक आहे.' शाखा सांभाळणाऱ्या बायका आता पुष्कळ आहेत. व्यवस्थापक किंवा प्रशासकीय काम करणारी व्यक्ती औद्योगिक संबंध संहितेत 'कामगार' नसते. देखरेखीचं काम असेल तर महिना अठरा हजार रुपयांच्या वर पगार असलेलीही नसते. तिला कामावरून काढल्याची दाद दिवाणी न्यायालयात मागावी लागते, आणि संस्थेच्या धंद्याला स्पर्श करणाऱ्या कृतीबद्दल दावा असेल तर त्याआधी निबंधकाला दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. पण पगाराच्या बाबतीत तिची स्थिती आता सुधारली आहे. वेतन संहितेत 'कर्मचारी' या शब्दात व्यवस्थापकही येतात. म्हणजे निव्वळ थकलेल्या पगारासाठी 'तू कामगार की नाही' हा जुना काथ्याकूट लागू नये.

आता संस्था कोणते आक्षेप काढते ते सांगते. हे तुम्हाला ऐकायला मिळणारच.

'तुम्ही सभासद आहात, मालक आहात, कामगार कसल्या?' महिला सहकारी संस्थांत हे हमखास ऐकू येतं. उत्तर असं की एकाच बाईची दोन नाती असू शकतात. लाभांश मिळाला नाही, सभेत बोलू दिलं नाही, सभासदत्व काढलं, तर ती सभासद म्हणून भांडते आणि तिचं दार सहकाराचं. शिवणयंत्रावर बसून महिनाभर काम केलं त्याचे पैसे नाहीत, तर ती काम करणारी म्हणून भांडते. अर्ज लिहिताना ही दोन भांडणं एका कागदावर आणू नका. आणली की दोन्हीकडचे अधिकारी दुसरीकडे बोट दाखवतात.

'तुम्हाला पगार नाही, कमिशन आहे.' पिग्मीवाल्या बायकांना हे रोज सांगतात. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकांसाठी दारोदार ठेवी गोळा करणाऱ्यांच्या प्रकरणात सांगितलं की ते कामगार आहेत आणि त्यांना मिळणारं कमिशन हे वेतनच आहे. तो निकाल सहकारी पतपेढीचा नव्हता, पण काम तेच, ऊन तेच, पायपीट तीच. हा निकाल हाताशी ठेवा.

'तुम्ही ठेकेदाराच्या आहात.' सोसायटीत जिने झाडणाऱ्यांना हे ऐकवतात. वेतन संहिता म्हणते, नेमणाऱ्याने पगार दिला नाही तर ज्याची आस्थापना आहे त्याने तो द्यायचा. हाउसिंग सोसायटी मात्र वर आणखी एक आक्षेप घेते, 'आम्ही उद्योग नाही.' दिल्लीच्या सोम विहार सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते मान्यही केलं होतं. त्यामुळे कामावरून काढल्याचं भांडण या मैत्रिणींना अवघड आहे, हे मी लपवत नाही. पण वेतन संहितेचा आधार 'आस्थापना' हा शब्द आहे, आणि तिच्या व्याख्येत उद्योग-धंद्याबरोबर व्यवसायाचाही समावेश आहे. संस्था इथेही वाद घालेल, पण लढायला जागा आहे.

'तुमच्यावर अफरातफरीचा आरोप आहे.' पगार मागितल्यावर हा आरोप अचानक निघतो. संस्था तो घेऊन सहकार न्यायालयात जाऊ शकते. बाई घाबरते आणि पगाराचा अर्ज मागे घेते, तेच त्यांना हवं असतं. दोन्ही वेगळी प्रकरणं आहेत. तिकडे उत्तर द्यायचं, इकडचा अर्ज मागे घ्यायचा नाही.

'संस्था अवसायनात गेली.' बुडालेल्या पतपेढ्यांचं हे नेहमीचं. अवसायनाचा आदेश झाला की संस्थेवर किंवा अवसायकावर कारवाई करायला सहकार कायद्याच्या कलम १०७ प्रमाणे निबंधकाची परवानगी लागते. पगाराच्या भांडणात निबंधकाचं दार लागतं ते इथे, परवानगीपुरतं. ती मागा, आणि अवसायकाकडे आपली रक्कम लेखी नोंदवा. ठेवीदारांच्या रांगा सगळ्यांना दिसतात, वर्तमानपत्रात फोटो येतात. काउंटरच्या मागे बसून त्यांच्या शिव्या खाणाऱ्या बाईचाही पगार बुडालेला असतो, ते कोणाला दिसत नाही.

आणि ज्या आधीच सहकार न्यायालयात जाऊन बसल्या आहेत त्यांनी काय करावं? हताश होऊ नये. अधिकार नसलेल्या न्यायालयात प्रामाणिकपणे घालवलेला काळ दाव्याच्या मुदतीतून वगळण्याची सोय मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम १४ मध्ये आहे. दुसऱ्या प्राधिकाऱ्यापुढे उशीर माफ करून घेतानाही हेच कारण मांडता येतं. पण त्यासाठी जुन्या प्रकरणाची सगळी कागदपत्रं जपून ठेवायला हवीत.

कागदांवरूनच शेवटचं बोलते. पुराव्याचा भार मालकावर आहे हे खरं, पण तुम्ही तिथे काम करत होता हे तरी दिसलं पाहिजे. नेमणुकीचं पत्र बहुतेकींकडे नसतं. मग काय असतं? हजेरीपटाचा फोटो. सहीचं व्हाऊचर. पिग्मीच्या पावतीपुस्तकाची स्थळप्रत. बँकेत जमा झालेल्या जुन्या पगाराची नोंद. संस्थेच्या वार्षिक अहवालात सेवकवर्गाच्या यादीत छापलेलं नाव. हे सगळं नोकरीत असतानाच जमवायचं, भांडण झाल्यावर ते हाती लागत नाही. पगाराची चिठ्ठी देणं आता कायद्याने बंधनकारक आहे, ती मागा. महिन्याचा पगार पुढच्या सात तारखेच्या आत, आणि काम सोडलं किंवा काढलं तर दोन कामकाजाच्या दिवसांत सगळा हिशेब, हेही लक्षात ठेवा. शेजारचा पुरुष शिपाई तेच काम करून जास्त घेत असेल तर त्याचा आकडा टिपून ठेवा. तशाच कामाला स्त्री म्हणून कमी वेतन देता येत नाही, हा नियम नव्या संहितेतही कायम आहे.

आणि कोऱ्या व्हाऊचरवर सही करू नका. पंधरा हजारांवर सही आणि हातात सहा हजार, हे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. सही केली की मालकाच्या हातात पुरावा तुम्हीच दिलात. सही टाळणं जमत नसेल, कारण नोकरी जाईल, तर निदान त्या दिवशी खरोखर किती मिळाले ते वहीत तारखेसह लिहा आणि सोबतच्या बाईची सही घ्या. एकीची वही हा एकीचा शब्द असतो. पाचजणींच्या वह्या सारखंच सांगू लागल्या की अधिकाऱ्यालाही वाचाव्या लागतात.

आता जेवणानंतर गट करू. प्रत्येक गटाने आपापली तक्रार एका कागदावर लिहायची, आणि वर फक्त एकच ओळ लिहायची, 'आम्ही काय मागतो'. ती ओळ पक्की झाली की दार आपण मिळून शोधू. ज्यांचा थकलेला पगार तीन वर्षांच्या आतला आहे त्यांचे अर्ज आजच लिहून घेऊ. मी संध्याकाळपर्यंत इथेच आहे.